बेचाळीसचा भाव

मार्चमधला दुसरा रविवार म्हणजे थोरल्या साहेबांना तेल घालायचा दिवस. थोरले साहेब म्हणजे खालच्या दुकानातल्या भिंतीवरचं लंबकाचं मोठं घड्याळ. घरात त्यांना असाच मान होता. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. दुकानाचं शटर तेव्हापासून अर्धंच वर होत होतं. पण रविवार काही कुणासाठी थांबत नाही, तसा तोही थांबला नाही.

घरच्या थोरल्या सुनेने, थोरलीने, सकाळीच बाबांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल पुसून घेतलं. चिमटे, भिंग, तेलाची चिमुकली बाटली, सगळं होतं तिथेच होतं. पुसता पुसता तिचा हात दोनदा थांबला. वरच्या मजल्यावर तिच्या कपाटात, ब्लाउजच्या कागदी नमुन्यांखाली, बँकेचा एक लिफाफा दोन आठवडे पडून होता. त्यावर तिचं नाव होतं. बुधवारी त्यातल्या फॉर्मची मुदत संपत होती, आणि त्यातलं एक अक्षरही तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं. दोन आठवड्यांचं सोडाच, मूळ गोष्ट तिने त्याच्यापासून एकोणीस वर्षं लपवली होती.

नणंद दहाच्या ठोक्याला आली. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती, त्यामुळे वेळेच्या बाबतीत बापावर गेलेली. धाकटा दीर वीस मिनिटं उशिरा आला. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, आणि स्वतःचा चष्मा मात्र कायम डोक्यावर. दोघांच्या हातात तसलेच लिफाफे होते. पोस्टमनने ते याच पत्त्यावर आणले होते आणि थोरलीनेच त्यांच्या त्यांच्या हवाली केले होते. तिसरा तेवढा ठेवून घेतला होता.

"दादा कुठेय?" नणंदेने विचारलं.

"छापखान्यात. येतो म्हणालेत."

"येतो म्हणाला? तेल घालायच्या दिवशी? एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच पाय लागणार म्हणायचे!"

आणि खरंच, चहा उकळेपर्यंत थोरला येऊन दारात उभा राहिला. बोटांना शाई, खिशात घडी घातलेला कागद. तो कागद कसला, हे थोरलीला माहीत होतं. छापखाना विकत घ्यायला तयार असलेल्या माणसाची ती चिठ्ठी होती. कटिंग मशीनचं पातं आता कागद कापायचं सोडून चावत होतं, नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि नोकरी करायच्या वयात ज्याने नोकरी केली नाही तो पन्नाशीत कुणाच्या दारात उभा राहणार, या एका विचाराने तो महिनाभर नीट जेवला नव्हता. आज तो भावंडांकडे उसने मागायला आला होता. तसं तो मरेपर्यंत कबूल करणार नव्हता.

"मला त्या बँकेत रस नाही," बसता बसताच त्याने सांगून टाकलं. "माझे शेअर मी केव्हाच विकलेत. मी आपला चहाला आलोय."

"चहा घे की मग," नणंद म्हणाली.

धाकट्याने फॉर्म पसरला. मामला सरळ होता. बाबांनी ज्या छोट्या बँकेचे शेअर घेतले होते, तिला एका मोठ्या बँकेने आपल्यात सामावून घ्यायचं ठरवलं होतं. एका शेअरला तीनशे दहा रोख, नाहीतर तेवढ्याच किमतीचे मोठ्या बँकेचे शेअर. हवं तर अर्धं हे, अर्धं ते.

"मी भरूनच आणलाय," तो म्हणाला. "शेअरची संख्या शंभर, सगळे रोख. एकतीस हजार येतील. ताई, तुझेही तेवढेच. बाबांनी आपल्या तिघांच्या नावाने शंभर शंभर घेतले, दहाच्या भावाने. दहाचे तीनशे दहा झाले. अडतीस वर्षांत एकतीस पट. ऐकायला बरं वाटतं, पण साध्या ठेवीत ठेवले असते तरी पंचवीसेक पट झालेच असते. एवढ्यासाठी बाबांनी जन्मभर फाइल सांभाळली!"

"काय सांगत होतो मी?" थोरला लगेच म्हणाला. "आणि त्यातही मध्ये पार झोपली होती ती बँक. दार उघड, बघ. लिहिलेलं असेल."

घड्याळाच्या दाराच्या आतल्या बाजूला बाबांची ती प्रसिद्ध यादी होती. "झाकण उघडलं की धूळ आत जाते," हा त्यांचा धंद्यातला पहिला नियम. चालत्या घड्याळाला सारखं उघडून बघणारं गिऱ्हाईक त्यांना मनस्वी नावडायचं. तोच नियम त्यांनी बँकेला लावला. वर्षातून एकदा साहेबांना तेल घालायचं, त्याच दिवशी पेपरातला भाव बघायचा, दाराच्या आत पेन्सिलीने लिहायचा, आणि पुढच्या मार्चपर्यंत बँकेचं नाव काढायचं नाही. फाइल त्यांच्याच खणात. येणारा लाभांश तेच बँकेत भरत, त्यातून घरपट्टी जाई. मुलांना ठाऊक होता तो फक्त दारावरचा आकडा.

धाकट्याने दार उघडलं. दहा, अकरा, तेरा करत आकडे चढत गेले होते. एकशे साठ. दोनशे दहा. आणि त्याच्याखाली एकदम बेचाळीस. हा बेचाळीस बाबांच्या हातचा नव्हता. त्या वर्षी पेपर वाचायचा मान थोरल्याकडे होता, आणि आकडाही त्यानेच लिहिला होता, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून.

तो दिवस थोरली विसरणं शक्यच नव्हतं. दोनशे दहाचे बेचाळीस बघून थोरला असा बिथरला की विचारू नका. "तुमची बँक बुडाली! आणि तुम्ही वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलात! माझ्या वाट्याचं काय ते आत्ताच्या आत्ता द्या!" बाबाही पांढरेफटक पडले होते. ते आत गेले, डब्यातून पैसे काढून आणले, शंभर शेअरचे बेचाळीसच्या भावाने चार हजार दोनशे मोजून टेबलावर ठेवले, आणि विक्रीच्या फॉर्मवर थोरल्याची सही घेतली. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरीच राहिली. त्याच आठवड्यात थोरल्याने वर वेगळी चूल मांडली, आणि बँकेचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही, अशी घरादाराला तंबी दिली. बापलेक बोलत नव्हते असं नाही. "पाणी आलं का" आणि "शटर लावू का" एवढं बोलत.

"फाइल काढू या," नणंद म्हणाली. "मूळ प्रमाणपत्रं जोडायचीत."

थोरलीने खणाची किल्ली दिली आणि कपबशा उचलायच्या निमित्ताने आत गेली. बशा धुवायला घेतल्या, आणि एकच बशी तीनदा धुतली.

बाहेर कागदांची सळसळ झाली.

"ए, हे काय आहे?" नणंदेचा आवाज आला. "माझ्या नावाचे तीन कागद आहेत. एक पाचशेचा, दुसरा पाचशेचा, तिसरा हजाराचा."

"दाखव. माझेही तसेच. पाचशे, पाचशे, हजार." धाकट्याने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर आणला, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे उघड झालं. "म्हणजे दोन हजार? मी शंभर लिहून आणलेत!"

"हे बँकेचं पत्र बघ. 'दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन रुपयांचे पाच शेअर करण्यात येत आहेत.' मग हे दुसरं, एकावर एक बोनस. आणखी एक, पुन्हा एकावर एक."

"दोन हजार गुणिले तीनशे दहा..." धाकट्याने मोबाइल काढला, पण नणंदेचं तोंडी गणित आधी झालं.

"सहा लाख वीस हजार. एकेकाचे. बाबांनी घातलेल्या हजाराचे."

"म्हणजे एकतीस पट नाही. सहाशे वीस पट." धाकटा मटकन खाली बसला. "आणि लाभांश वेगळा! बाबांनी अडतीस वर्षं नुसता भाव लिहिला. किती नग आहेत ते दारावर कधी लिहिलंच नाही!"

"कारण ते भाव ओरडून सांगायचे आणि नग खणात ठेवायचे," नणंद म्हणाली. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती.

थोरली हात पुसत दारात आली. तिला फक्त नवऱ्याचा चेहरा दिसत होता. तो कागदाकडे बघत नव्हता. तो घड्याळाच्या दाराकडे बघत होता.

"एकाचे पाच," तो हळूच म्हणाला. "कधी झाले?"

नणंदेने पत्रावरची तारीख वाचली. बेचाळीसच्या त्या रविवारच्या अडीच महिने आधीची.

"दोनशे दहा भागिले पाच," थोरला म्हणाला. "बेचाळीस." मग मोठ्याने, "बेचाळीसच होतात! पडला नव्हता भाव. पडलाच नव्हता!" तो ताडकन उठला. "म्हणजे माझे तेव्हा पाचशे झाले होते, आणि बाबांनी मला शंभराचे पैसे दिले. स्वतःच्या पोराला! लुबाडलं मला!"

"दादा, तोंड सांभाळ," नणंद म्हणाली.

"काय सांभाळ? फाइल कुणाकडे होती? पत्र कुणाकडे आलं होतं? आज माझेही सहा लाख झाले असते. मी..." त्याने खिशातली चिठ्ठी काढून टेबलावर आपटली. "मी छापखाना विकायला निघालोय! कुठे गेले ते पाचशे? कुणाच्या घशात गेले?"

धाकट्याने आणि नणंदेने एकमेकांकडे पाहिलं. फाइलमध्ये तिसरं नाव नव्हतं. थोरलीला कळत होतं की आता गप्प राहणं अगदी सोपं आहे. बाबा गेले, कागद तिच्या कपाटात, फॉर्म पोस्टाने जातो. पण बाबांना लुटारू ठरवून ती वरच्या मजल्यावर सुखाने झोपू शकली नसती. त्यांची औषधं, त्यांची काठी, शेवटच्या महिन्यात त्यांना भरवणं, सगळं तिने केलं होतं.

"माझ्याकडे आहेत," ती म्हणाली.

"काय तुझ्याकडे आहेत?"

"ते शेअर. दोन हजार. माझ्या नावावर आहेत."

भिंतीवर थोरले साहेब टकटक करत होते. तेल संपत आलं की त्यांचा आवाज किंचित कोरडा व्हायचा, तसा झाला होता.

थोरली वर जाऊन लिफाफा आणि जुन्या साडीत गुंडाळलेले कागद घेऊन आली. ते टेबलावर ठेवले, आणि कुणी बसा म्हणायच्या आत स्वतःच स्टूल ओढून बसली.

"बाबांनी ते पत्र उघडलंच नव्हतं," ती म्हणाली. "मार्चशिवाय बँकेचा लिफाफा फोडायचा नाही, हा त्यांचाच नियम. तेल घालून झालं की आधी भाव आणि मग टपाल. त्या दिवशी भाव वाचल्या वाचल्या भांडण झालं, टपाल राहिलंच. महिन्याने ते तुमचे शेअर नावावर करायला बँकेत गेले. खिडकीवरची बाई म्हणाली, आजोबा, हे शंभर नाहीत, पाचशे आहेत. ते फॉर्म न भरताच परत आले. इथे, या टेबलाशी बसले. मला म्हणाले, 'सूनबाई, तुझं पूर्ण नाव सांग.'"

"आणि तू सांगितलंस," थोरला म्हणाला.

"सांगितलं. मला म्हणाले, 'हे त्याचेच आहेत, पण आज दिले तर संध्याकाळी विकेल. त्याने नुसतं विचारलं असतं, बाबा, भाव का पडला, तर दोघांनी मिळून शोधलं असतं. तो विचारेल तेव्हा सांगू.' मला शपथ घातली. तुम्ही कधी विचारलंच नाही."

"आणि बाबा तरी कुठे बोलले?"

"नाही बोलले. दोघंही एकाच मुशीतले. मधल्या मध्ये मी पिसले गेले."

धाकट्याने घसा साफ केला. तो मनाने वाईट नाही, पण आकडा दिसला की त्याला गप्प राहवत नाही. "वहिनी, राग मानू नकोस, पण एक विचारतो. दादाने विकले, बाबांनी स्वतःच्या पैशाने घेतले. म्हणजे ते बाबांचे झाले. मग ते आपल्या तिघांत वाटले जायला हवेत ना? ताई, काय म्हणतेस?"

थोरलीच्या लक्षात आलं, नणंदेलाही तो हिशेब सुचलेला आहे. तिच्या मुलाची फी, घराचा हप्ता, सगळं थोरलीला माहीत होतं. नणंदेने तो कागद उचलला, नाव वाचलं, आणि परत ठेवला.

"बाबांनी शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने वहिनीचं नाव घातलंय," ती म्हणाली. "शेवटचे दोन महिने त्यांना कोण उठवत-बसवत होतं? तू? का मी? मी रविवारी सफरचंदं घेऊन यायचे. ते नाव तुला खोडायचं असेल तर खोड. मी सही देणार नाही."

"मी आपलं विचारलं," धाकटा म्हणाला, आणि चष्मा परत डोक्यावर गेला.

पण खरा प्रश्न अजून यायचा होता. थोरली त्याचीच एकोणीस वर्षं वाट बघत होती.

"आठ वर्षांपूर्वी," थोरला म्हणाला, "पोरीच्या कॉलेजसाठी आपण तुझं शिलाईचं ओव्हरलॉक मशीन विकलं. तू दोन दिवस रडत होतीस. तेव्हा हे कपाटात होतं?"

"होतं."

"मी दोन वर्षं छापखान्यातच झोपत होतो, रात्रपाळीचा माणूस परवडत नव्हता म्हणून. तेव्हाही?"

"तेव्हाही."

"आणि तू बाबांच्या शपथेसाठी गप्प बसलीस?"

इथे तिला हो म्हणता आलं असतं. शपथेवर ढकललं की सुटका होती.

"नाही," ती म्हणाली. "मशीन विकायच्या वेळी मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, तुझे आहेत, मोडायचे तर मोड. मीच मोडले नाहीत. तुम्हाला कळलं असतं तर दोन महिन्यांत त्याचा कागद आणि शाई झाली असती. लाभांश यायचा तो मी पोरीच्या फीत घातला, शिलाईचे म्हणून. मशीन गेलं तर परत घेता येईल, हे गेले तर परत यायचे नाहीत, असं वाटलं. मला तुमचा भरवसा वाटला नाही. हे खोटं नाही सांगणार मी."

थोरल्याच्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. नणंदेने मान खाली घातली. थोरलीला रडू फुटत होतं, पण तिने ते गिळलं. वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकंही वाटत होतं, त्याची तिला लाज वाटली.

मग थोरल्याने विचारला तो प्रश्न भलताच निघाला.

"तेव्हा, पैसे देताना, बाबांना काय वाटत होतं? त्यांना माहीत होतं का एकाचे पाच झालेत ते?"

"कुठून माहीत असणार? पत्र फोडलं नव्हतं म्हटलं ना. त्यांनाही वाटत होतं, बँक बुडतेय."

"खरंच तसं वाटत होतं?"

"मला आत येऊन म्हणाले, 'बुडणारंय सगळं. निदान त्याचं तरी बुडायला नको. उद्या बेचाळीसही राहायचे नाहीत.' डब्यातले पैसे त्यांनी स्वतःच्या डोळ्याच्या ऑपरेशनला ठेवले होते. ते दीड वर्ष पुढे गेलं."

थोरल्याने टेबलावरचं बाबांचं भिंग उचललं. हातात फिरवलं. एकोणीस वर्षं तो समजत होता की बापाने त्याला चार हजार दोनशे देऊन वेगळं काढलं. बुडतंय असं वाटत असताना बाप त्याच्या वाट्याचं नुकसान विकत घेत होता, हे त्याला आज कळत होतं, आणि ज्याला सांगायचं तो नव्हता. त्याचे खांदे हलायला लागले. भावंडांपुढे कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस शाईच्या बोटांनी तोंड झाकून रडला. धाकट्याने खुर्ची जवळ घेतली, आणि काय बोलावं ते न सुचून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळाने थोरला उठला. त्याने तेलाची बाटली उघडली, सुईच्या टोकावर थेंब घेतला आणि थोरल्या साहेबांचा लंबक थांबवला. लहानपणी शिकलेलं तो विसरला नव्हता. प्रत्येक चाकाच्या आसाशी एक थेंब, जास्त नाही. लंबक परत सोडला तेव्हा आवाज ओला आणि भरीव आला.

मग त्याने पेन्सिल मागितली. यादीच्या शेवटी बाबांच्या थरथरत्या आकड्याखाली तीनशे दहा लिहिलं आणि शेजारी 'नग दोन हजार'. तेवढ्याने त्याचं भागलं नाही. तो यादीत वर सरकला, स्वतःच्या हातच्या त्या बेचाळीसपाशी थांबला, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात 'गुणिले पाच' असं लिहिलं.

टेबलावरचा फॉर्म त्याने बायकोपुढे सरकवला. छापखाना विकत घेणाऱ्याची चिठ्ठी तिथेच पडली होती. त्या चिठ्ठीकडे त्याने पाहिलं, पण हात लावला नाही.

"तुझा राग यायचा आहे अजून मला," तो म्हणाला. "येईल. आठवडाभर येईल. पण बुधवार आधी आहे." तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. "रोख घ्यायचे की शेअर? मला यातलं काही कळत नाही. तू सांग, मी ऐकतो."

एवढंच विचारलं असतं त्याने तेव्हा, या टेबलापाशी, तर बाबांनी उरलेला जन्म सुखात काढला असता. थोरलीने पदराने डोळे पुसले, पेन घेतलं, आणि आधी मुळापासून सगळं समजावून सांगायला सुरुवात केली.